मोठे टायर आणि ऑटोमॅटिक गिअरपेटी

डोंगर चढणाऱ्या, वाळू तुडविणाऱ्या आणि इंजिनाचा जोर चारहि चाकांना पोहोंचविणाऱ्या मोटारींची हौस आपल्याकडे अलीकडे पुष्कळ वाढली आहे. महाराष्ट्राला ह्या जातीच्या वाहनाचा परिचय तसा जुनाच. १९४७ सालीं मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीज जीपचे सुटे भाग जुळवून गाड्या बांधण्यास आरंभ केला, आणि त्याच कुळांतील थार ही गाडी २०२० च्या ऑक्टोबरांत नव्या रूपानें बाहेर पडली, ती नाशिकच्या कारखान्यांतून. पुण्याजवळच्या रांजणगांवीं २०२१ पासून अमेरिकन जीप रँगलर जुळविली जाऊं लागली. ह्या दोन्ही गाड्या ऑटोमॅटिक गिअरपेटीसह मिळतात. म्हणजे डाव्या पायाला क्लचचें काम नाहीं आणि डाव्या हाताला गिअर बदलण्याचें नाहीं. तीं दोन्ही कामें पेटी स्वतःच उरकते.

अशी गाडी दारांत आली कीं, तिच्या मालकाच्या मनांत पहिली इच्छा उत्पन्न होते ती मोठ्या टायरांची. मोठ्या टायरांनीं गाडी उंच दिसते, रुबाबदार दिसते, आणि दगडधोंड्यांतून जातांना तिचें पोट घासत नाहीं. ह्यांतील शेवटचें कारण खरें आहे. पहिल्या दोहोंविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. टायरचा दुकानदार एवढेंच पाहतो कीं, नवा टायर चाकावरील कमानीला घासतो कीं काय. घासत नसला म्हणजे सौदा पुरा झाला. परंतु ह्या सौद्याचा भार ज्याच्यावर पडावयाचा तो भाग दुकानांत कोणीच पाहत नाहीं, कारण तो गाडीच्या तळाशीं एका बंद पेटींत तेलांत बुडालेला असतो. तो बिघडला म्हणजे जो खर्च येतो, त्यांत टायरांचे दोनतीन संच सहज यावेत.

टायरवर जे आंकडे छापलेले असतात त्यांचा अर्थ प्रथम पाहिला पाहिजे. थारच्या वरच्या प्रकाराला कारखाना २५५/६५ आर १८ ह्या मापाचे टायर बसवितो. २५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेंकडा ६५ इतकी टायरच्या भिंतीची उंची. १८ हा आंतील लोखंडी किंवा मिश्र धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. एकाच टायरवर मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच असा तीन तऱ्हांचा संसार कां मांडला आहे, हें विचारूं नये. तशी चाल पडली आहे. हिशेब मात्र सोपा आहे. २५५ चे शेंकडा ६५ म्हणजे सुमारें १६६. वर एक भिंत आणि खालीं एक भिंत, म्हणून त्याची दुप्पट सुमारें ३३२. आणि १८ इंचांचे ४५७ मिलिमीटर. एकूण व्यास ७८९ मिलिमीटर, म्हणजे इंचांत ३१ झाला. आतां त्याच चाकावर २८५/६५ आर १८ हा टायर चढविला तर व्यास ८२८ मिलिमीटर होतो. वाढ शेंकडा ५ च्या आंतबाहेर. आणि ज्यांचा पुष्कळांना मोह पडतो ते ३५ इंची टायर ८८९ मिलिमीटरचे. तेथें वाढ शेंकडा पावणेतेरा. गाडीच्या भारानें टायर तळाशीं थोडा दबतो, त्यामुळें प्रत्यक्षांत हे आंकडे किंचित् कमी भरतात. परंतु एकाचें दुसऱ्याशीं प्रमाण फारसें बदलत नाहीं, आणि येथें आपल्याला प्रमाणाशींच कर्तव्य आहे.

मूळ टायर एक किलोमीटर जाण्यास सुमारें ४०४ फेरे घेतो. २८५ चा टायर ३८५ घेतो. ३५ इंची टायरला ३५८ पुरतात. पुढें जो कांहीं प्रकार घडतो तो सारा ह्या तीन आंकड्यांत सांठवलेला आहे.

चाक ही एक तरफ आहे. जात्याचा खुंटा पाळीच्या मधोमध असलेल्या खिळीपासून दूर, कडेला बसविलेला असतो, म्हणून लहान मुलीलाहि दळतां येतें. तोच खुंटा खिळीच्या जवळ बसविला तर जातें फिरविण्यास पैलवान लागेल. मोटारीच्या चाकांत ह्याच्या उलट व्यवस्था आहे. येथें जोर मध्यभागीं लागतो आणि काम कडेला, जमिनीशीं, व्हावयाचें असतें. अर्थात् कड मध्यापासून जितकी दूर, तितका जमिनीवर पोहोंचणारा रेटा कमी. इंजिन तेंच, गिअर तोच, परंतु २८५ च्या टायरनें जमिनीवरील रेटा शेंकडा पावणेपांचांनीं आणि ३५ इंची टायरनें शेंकडा सव्वाअकरांनीं घटतो. जणूं सगळेच गिअर कोणी एकेक पायरी नव्हे, पण पाव-अर्धी पायरी वर सरकवून ठेवले आहेत.

एक उदाहरण घेऊं. गाडी, माणसें व सामान मिळून २००० किलोंचें वजन आहे आणि दहास एक असा चढ आहे, असें समजा. चढाचा मागें ओढणारा जोर सुमारें २०० किलो, आणि टायर रस्त्यावर लोळविण्यास लागणारा जोर आणखी ४० किलो धरला, तर २४० किलोंचा रेटा सतत पाहिजे. मूळ टायरची त्रिज्या ३९ सेंटिमीटरांहून थोडी अधिक. म्हणजे आंसांना मिळून सुमारें ९५ किलोग्रॅम-मीटर पीळ द्यावा लागेल. ३५ इंची टायरची त्रिज्या साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर. तेथें १०७ द्यावा लागेल. हा वाढीव १२ चा पीळ आणावयाचा कोठून? इंजिनांतून, गिअरपेटीमार्फत. शिवाय मोठा टायर नुसता उंच नसतो, तो जडहि असतो, आणि त्याचें जडत्व बहुतेक कडेला सांठलेलें असतें. कडेवरील एक किलो वजन वेगांत आणण्यास, गाडीच्या टपावर ठेवलेल्या एका किलोच्या जवळजवळ दुप्पट श्रम पडतात. कारण तें पुढेंहि जावयाचें असतें आणि गरगरहि फिरावयाचें असतें.

हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत हा वाढीव भार चालकाला ताबडतोब समजतो. गाडी उठत नाहीं, क्लच जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो, जळका वास येतो, आणि माणूस सावध होतो. ऑटोमॅटिक पेटीचा मोठेपणा हा कीं ती चालकाचे श्रम झांकून घेते, आणि दोषहि तोच. ती स्वतः सोसते आणि कांहीं बोलत नाहीं.

ती सोसते कशी, हें समजण्यासाठीं तिच्या तोंडाशीं असलेल्या टॉर्क कन्व्हर्टर नांवाच्या भागाकडे वळलें पाहिजे. ह्याची कल्पना जहाजांसाठीं निघाली. जर्मनींतील श्टेटिन येथील फुल्कान गोदींतल्या हेर्मान फ्योटिंगर ह्या इंजिनिअरनें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. मोटारीच्या बाबतींत अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें १९३९ सालीं हायड्रामॅटिक ही पूर्ण ऑटोमॅटिक पेटी बाजारांत आणली. तींत तेलाचा साधा जोड होता, पीळ वाढविण्याची सोय नव्हती. ती सोय असलेला कन्व्हर्टर ब्युइक गाडीच्या डायनाफ्लो पेटींत १९४८ मध्यें आला.

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि हळूहळू फिरूं लागतो. कन्व्हर्टरांत वाऱ्याच्या जागीं तेल असतें. इंजिनाला जोडलेला पंखा तेल उडवितो, गिअरपेटीला जोडलेला पंखा त्या तेलाच्या माऱ्यानें फिरतो, आणि दोहोंच्या मध्यें एक तिसरा, बहुधा स्थिर राहणारा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा अशी वळवितो कीं तें इंजिनाच्या पंख्याला आडवें न येतां मदतच करतें. ह्या मदतीमुळें गाडी जागेवरून हलतांना इंजिनाचा पीळ सुमारें दुप्पट होऊन पुढें जातो. हा लाभ मोफत मिळत नाहीं. जोंपर्यंत पुढला पंखा मागल्याच्या मागें पडलेला आहे तोंपर्यंतच पीळ वाढतो, आणि जेवढा तो मागें पडतो तेवढी शक्ति तेल घुसळण्यांत जाते. घुसळलेलें तेल तापतें. दोन्ही पंखे जवळजवळ एका वेगानें फिरूं लागले म्हणजे आंतील एक चकती त्यांना घट्ट जखडते. तिला लॉक-अप क्लच म्हणतात. त्या क्षणापासून घुसळण थांबते आणि तेल निवूं लागतें.

आतां मोठ्या टायरची गोष्ट येथें लागू करून पाहावी. जागेवरून निघतांना कन्व्हर्टरच्या दृष्टीनें गाडीचें जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. व्यास शेंकडा ५ नीं वाढला तर हें जडत्व शेंकडा १० नीं, आणि व्यास शेंकडा पावणेतेरानें वाढला तर शेंकडा २७ नीं. पाय तेवढाच दाबला तर पेटीच्या दांड्याला ठराविक फेऱ्यांपर्यंत पोहोंचण्यास तितकाच अधिक वेळ लागतो, आणि तेवढा अधिक वेळ तेल घुसळलें जातें. शहराच्या गर्दींत, जेथें मिनिटामिनिटाला थांबावें व निघावें लागतें, तेथें हा हिशेब दिवसभर चालूच असतो. घाटांत त्याची तऱ्हा निराळी. वर सांगितलेला दहास एकचा चढ ताशीं ३६ किलोमीटर वेगानें चढावयाचा तर चाकांपाशीं सुमारें साडेतेवीस किलोवॅट शक्ति लागते. कन्व्हर्टर जखडलेला नसून त्यांत शेंकडा १५ शक्ति वाया जात आहे असें धरलें, तर चार किलोवॅटांहून जास्त उष्णता तेलांत शिरते. एकेक किलोवॅटच्या चार विजेच्या शेगड्या त्या बंद पेटींत पेटवून ठेवल्यासारखेंच हें झालें. मोठ्या टायरनें शक्तीची गरज बदलत नाहीं. पण तीच शक्ति दांड्याच्या कमी फेऱ्यांत आणि अधिक पिळांत द्यावी लागते, आणि कमी फेरे व अधिक पीळ हीच कन्व्हर्टरची घसरण वाढविणारी स्थिति होय.

ह्या पेटीचें तेल सामान्यतः ८० ते ९५ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर सुखानें काम करतें. १२० च्या पलीकडे तें लौकर जुनें होऊं लागतें, काळवंडतें, त्याचा चिकट थर झडपांवर बसतो, आणि क्लचच्या चकत्यांना लागणारी त्याची पकड कमी होते. ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचें आयुष्य निम्मे होतें, असा कारागिरांचा एक जुना आडाखा आहे. आडाखा तो आडाखाच, त्याला शास्त्रवचन मानूं नये. आजचीं तेलें तो बांधला त्या काळच्या तेलांहून चांगलीं आहेत. पण दिशा तो बरोबर दाखवितो.

येथवर झाला तो पेटीच्या अंगावर पडणाऱ्या भाराचा विचार. तिच्या बुद्धीवर काय परिणाम होतो हा विषय याहून मनोरंजक आहे.

ऑटोमॅटिक पेटीला रस्ता दिसत नाहीं. गिअर केव्हां बदलावा हें ती मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरविते: मागल्या दांड्याचे फेरे किती, आणि चालकानें पाय किती दाबला आहे. जुन्या पेट्यांत ह्या दोन गोष्टींचे दोन तेलदाब असत आणि ते एका झडपेच्या दोन बाजूंनीं परस्परांशीं झुंजत. जो जिंके त्याच्या मनासारखा गिअर पडे. आजच्या पेट्यांत एक छोटा संगणक असतो आणि त्याच्यापाशीं आंकड्यांची एक वही असते. वही लिहिणाऱ्यानें मूळ टायरचे ४०४ फेरे मनांत धरलेले असतात. मालकानें ३५८ फेऱ्यांचा टायर चढविला हें वहीला कळत नाहीं. म्हणून दांड्याचे फेरे मोजून संगणक म्हणतो, गाडी ताशीं ८० नें चालली आहे. प्रत्यक्षांत ती ९० नें धांवत असते. २८५ च्या टायरवर तीच ८४ नें.

गिअर मात्र इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर पडतात ज्या फेऱ्यांवर ते पूर्वीं पडत. फक्त त्या वेळचा खरा वेग जास्त असतो. जास्त वेगाला वाऱ्याचा विरोध जास्त, टायर जड, आणि जमिनीवरील रेटा कमी. वरचा गिअर पडला कीं इंजिनाला ओझें झेपत नाहीं. गाडी मंदावते, चालक पाय अधिक दाबतो, संगणक वही उघडतो आणि खालचा गिअर घालतो. गाडीला जोर येतो, चालक पाय सैल करतो, पुन्हां वरचा गिअर पडतो. पांच, सहा, पांच, सहा, असा हा येरझारा चालूं राहतो. थळ घाटासारख्या लांब चढावर त्याचा कंटाळा येतो हें एक. परंतु प्रत्येक येरझाऱ्याला एक क्लच सुटतो व दुसरा घासत घासत लागतो, आणि बहुतेक वेळीं लॉक-अपहि सुटून पुन्हां लागतो, हें त्याहून महत्त्वाचें. ज्या चकतीनें महिन्यांत जेवढे घर्षण सोसावें अशी अपेक्षा होती, तें ती एका सुट्टीच्या प्रवासांत सोसते.

पुष्कळ नव्या पेट्यांत चढ ओळखण्याचीहि युक्ति असते. इंजिन इतका जोर देत असतां दांड्याचा वेग इतका वाढावयास पाहिजे, असा संगणकाचा अंदाज असतो. तेवढा वाढला नाहीं तर आपण चढावर आहों असें तो समजतो आणि खालचा गिअर धरून बसतो. मोठ्या व जड टायरवर सपाट रस्त्यावरहि वेग अपेक्षेप्रमाणें वाढत नाहीं. तेव्हां सोलापूरच्या सरळ सडकेवरहि यंत्राला डोंगर दिसूं लागला तर त्यांत यंत्राचा अपराध नाहीं. त्याला जें सांगितलें होतें तें तें प्रामाणिकपणें करीत आहे.

ह्यावर बाजारांत एक स्वस्त उपाय सांगतात. नव्या टायरचें माप संगणकाला कळवावें म्हणजे सर्व ठीक होईल, असें त्याचें स्वरूप. ह्यानें वेगदर्शकाची तबकडी खरें बोलूं लागते, ही मोठीच सोय होय, आणि जेथें ती उपलब्ध आहे तेथें अवश्य करून घ्यावी. परंतु जमिनीवरचा गेलेला रेटा संगणकाला खरें सांगितल्यानें परत येत नाहीं. कांहीं गाड्यांत तर उलटाच अनुभव यावा. वहींतील गिअर बदलण्याचे वेग रस्त्यावरील वेगांत मांडलेले असले, तर माप दुरुस्त केल्यावर वरचा गिअर पूर्वींच्याच खऱ्या वेगाला, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, पडूं लागतो. आधींच दमलेलें इंजिन अधिकच दमतें. तबकडी खरी झाली आणि गाडी मंद झाली, असें मालक म्हणतो, आणि तें खोटें नसतें.

खरा उपाय आंसांत आहे. गिअरपेटीतून आलेला दांडा आंसाशीं क्राऊन आणि पिनियन ह्या दोन दंतचक्रांनीं मिळतो, आणि तेथें फेरे आणखी एकदां कमी होतात. टायर जितके मोठे केले त्या प्रमाणांत हें उतरण वाढविलें, कीं पेटीच्या दृष्टीनें पूर्वस्थिति प्राप्त होते. रँगलरच्या रुबिकॉन प्रकाराचें उदाहरण ह्या ठिकाणीं बोलकें आहे. तिला कारखान्यांतून २८५/७० आर १७ चे टायर येतात. त्यांचा व्यास ८३१ मिलिमीटर, आणि आंसाचें प्रमाण ४.१० असतें. अमेरिकेंत त्याच कंपनीनें २०२१ मध्यें ३५ इंची म्हणविले जाणारे ३१५/७० आर १७ चे टायर स्वतः बसवून देण्यास आरंभ केला. त्यांचा व्यास ८७३ मिलिमीटर. नुसत्या व्यासाचा हिशेब केला तर आंसाचें प्रमाण ४.३१ पुरलें असतें. कंपनीनें त्या टायरांबरोबर ४.५६ दिलें. व्यास वाढला शेंकडा ५, आणि उतरण वाढविलें शेंकडा ११! टायरचें वाढलेलें वजन आणि लोळण्याचा विरोध ह्यांचाहि भरणा करावा लागतो, असा ह्यांतून अर्थ काढला तर तो चुकीचा होणार नाहीं. ज्यांनीं यंत्र घडविलें तेच इतकें जपतात, तर रस्त्याकडेच्या दुकानांत नुसतें जॅक लावून काम भागतें असें मानणें धाडसाचें आहे.

हा उपाय महाग पडतो, कारण चारहि चाकें ओढणाऱ्या गाडींत आंस दोन, आणि दोहोंचें प्रमाण अगदीं एक ठेवावें लागतें. एकाचाच बदल केला तर गाडी चारचाकी जोरावर चालविणें म्हणजे पुढल्या व मागल्या भागांत भांडण लावून देणें होय. ज्यांना तो खर्च करावयाचा नाहीं त्यांच्यासाठीं कमी खर्चाच्या गोष्टी आहेत. वाढ शेंकडा पांचांच्या आंत ठेवावी. पेटीच्या तेलासाठीं वेगळा शीतक बसवावा, आणि तेलाची उष्णता दाखविणारें साधन असेल तर त्याकडे पाहत जावें. लांब चढावर पेटीला तिच्या मनावर न सोडतां हातानें एक गिअर खालीं घेऊन तेथेंच धरावी, म्हणजे येरझारा थांबतो. आणि वाळूंत, चिखलांत किंवा दगडांच्या चढावर ट्रान्स्फर केसचा खालचा पल्ला वापरावा. हा पल्ला गिअरपेटीच्या मागें असतो आणि रुबिकॉनमध्यें पीळ चौपट करतो. तो घातला कीं कन्व्हर्टरचें ओझें एकदम उतरतें. उंच पल्ल्यांत राहून पायानें जोर करीत वाळूंतून गाडी रेटणें हा पेटी शिजविण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. तरी पुष्कळ लोक तो केवळ आळसानें पत्करतात.

वाळूसाठीं मोठे टायर हवेतच कां, हाहि प्रश्न विचारण्याजोगा आहे. व्यास जितका वाढतो त्याच्या निम्म्यानेंच गाडी उंच होते. २८५ च्या टायरनें मिळणारी उंची दोन सेंटिमीटरहि पुरी नाहीं. ३५ इंचीनें पांच सेंटिमीटर मिळते. वाळूंत चाक रुततें तें लहान असल्यामुळें नव्हे, तर कडक फुगलेलें असल्यामुळें. मूळ टायरांतील हवा कमी केली कीं तेच टायर पसरून वाळूवर तरंगूं लागतात, आणि परत डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वीं पुन्हां हवा भरावयाची, एवढेंच काम.

चढावर जो तोटा होतो तो पैशाचा. उतारावरचा जिवाशीं गांठ घालणारा आहे. घाट उतरतांना इंजिनानें गाडीला मागें धरावें म्हणून खालच्या गिअरांत राहावयाचें असतें. पण जी तरफ चढतांना इंजिनाच्या विरुद्ध गेली तीच उतरतांनाहि विरुद्ध जाते. ३५ इंची टायरवर इंजिनाचा तोच मागें ओढणारा पीळ जमिनीवर शेंकडा सव्वाअकरांनीं कमी पोहोंचतो, आणि त्याच खऱ्या वेगाला इंजिनाचे फेरेहि कमी असल्यामुळें मूळ पीळच घटलेला असतो. ब्रेकचीहि तीच गत. चकतीवरील पकड तेवढीच, तरफ लांब, म्हणून पायाला दाब अधिक द्यावा लागतो. त्यांतच वेगदर्शक कमी वेग दाखवीत असतो. चालकाला वाटतें आपण ४० नें वळणावर आलों आहों, असतो ४५ नें. गाडीहि पूर्वींपेक्षां उंच. ह्या चारहि गोष्टी एकाच वळणावर एकत्र येतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ऑटोमॅटिक गाडीच्या चालकानें उतारावर गिअरचा दांडा ड वर ठेवून निर्धास्त राहणें कां बरें नव्हे तें समजेल. आधींच हातानें दुसरा गिअर घेऊन, वेग वाढण्यापूर्वींच उतरण्यास लागावें.

वेगदर्शकासंबंधीं न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियम क्रमांक ३९ प्रमाणें तबकडीनें खऱ्या वेगापेक्षां कमी केव्हांहि दाखवितां कामा नये. जास्त दाखविण्यास मात्र कांहीं सूट आहे. म्हणून कारखाने तबकडी थोडी पुढें ठेवतात. शेंकडा तीन-चार वाढीचा टायर ह्या फरकांत खपून जातो. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राचें तसें नाहीं. ३५ इंची टायरवर तें खऱ्या १०० किलोमीटरांचे ८९ च मोजतें. ह्यामुळें दोन घोटाळे होतात. तेल बदलण्याची पाळी, जी आतां लौकर यावयास हवी, ती उलट उशिरा येते. आणि गाडी डिझेल फार पितें असा मालकाचा समज होतो. ती थोडें अधिक पिते हें खरें, पण हिशेबांत दिसतें तितकें नव्हे, कारण भागाकारांतील किलोमीटरच कमी धरलेले असतात.

कायद्याची बाजूहि डोळ्यांआड करतां येत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचें ५२ वें कलम वाहनाचें मूळ स्वरूप नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलांशीं विरुद्ध बदल चालणार नाहींत असें सांगितलें. टायर बदलण्यापूर्वीं गाडीच्या पुस्तिकेंत कोणकोणत्या मापांना मान्यता आहे तें पाहणें म्हणूनच श्रेयस्कर. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस हीं मापें पाहतो, त्या वेळीं पुस्तिका उघडून उपयोग नसतो.

शेवटीं राहिलें पांचवें चाक. चार मोठे टायर घेतांना काटकसर म्हणून पांचवा, मागें टांगलेला, पुष्कळ लोक जुन्याच मापाचा ठेवतात. २८५ च्या तीन टायरांबरोबर मागें एका बाजूस मूळ मापाचा टायर लागला, तर प्रत्येक किलोमीटरला पुढल्या व मागल्या आंसांत सुमारें साडेनऊ फेऱ्यांचा फरक पडतो. गाडी दोन चाकांच्या जोरावर असली तर डिफरन्शियल हा फरक सोसतो, आणि हळूहळू दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जातां येतें. पण दोन्ही आंस एकमेकांशीं जखडणारा चारचाकी जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू असेल, तर त्या साडेनऊ फेऱ्यांना जाण्यास वाट नसते. दांडे पिळले जातात, ट्रान्स्फर केस कण्हूं लागते, आणि जोर काढून घेण्याचा दांडा जागचा हलेनासा होतो. अशा वेळीं दांड्याशीं झटापट न करतां गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, म्हणजे पीळ उलगडतो आणि दांडा आपोआप सैल होतो.